मास्तरांच्या मानेवरची चामखीळ

माझे भाऊजी शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि मी त्यांची एकुलती एक मेहुणी असल्यामुळे वाटेल ते म्हणते. मेहुणीने खोड्या काढायच्या नाहीत तर कोणी? त्यांच्यात खोड काढण्यासारखं होतंही भरपूर. गावभर लोकांना मापात बसवणारा हा माणूस स्वतः मात्र दोन विटक्या शर्टांवर वर्ष ढकलायचा. बोलणं इतकं मोजकं, की "पुढच्या आठवड्यात या" हे त्यांचं सगळ्यात लांब भाषण. शिवाय हातशिलाई करताना दोऱ्याची गाठ कापडाच्या आत अशी लपवायचे, की उलट्या बाजूनेही सापडू नये. "चोरी केलीय का भाऊजी, एवढं काय लपवायचंय?" असं मी विचारलं की नुसते हसायचे.

पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार. त्यांचं मशीन खिडकीपाशी, आणि शेजारी स्टुलावर माझी ताई. काज, बटण, तुरपाई हे सगळं तिचं खातं. भाऊजींच्या गळ्यात दिवसभर टेप, आणि मानेच्या उजव्या बाजूला, टेप घासायची बरोबर तिथेच, एक चामखीळ. कॉलरच्या बटणाहून लहान, मऊ, देठावर लोंबणारी. ताई चहा द्यायला उठली की जाता जाता तिला बोट लावायची.

"आहे का जागेवर?"

"कुठे जाणार?"

एवढंच. मला ते इतक्या वेळा ऐकून वीट आला होता. माझ्या नवऱ्याने मला उभ्या जन्मात इतक्या वेळा काही विचारलं नाही, म्हणून राग जास्त यायचा हेही खरं.

एकदा कोणा गिऱ्हाइकाने सांगितलं, दोरा घट्ट बांधा, आपोआप गळून पडेल. शिंप्याला दोऱ्याची काय कमी? भाऊजींनी काजाचा पीळदार दोरा बांधला. मान सुजली, चामखीळ जांभळी पडली, आणि हा माणूस तोंडातून चकार शब्द न काढता मशीन चालवत राहिला. ताईने पाहिलं आणि आकाशपाताळ एक केलं. सुईच्या टोकाने हळूहळू दोरा सोडवताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हे काय कापड वाटलं तुम्हाला?" ती म्हणाली. त्यानंतर भाऊजींनी कानाला खडा लावला.

मग ताई विसरायला लागली. आधी काजं भलत्याच बाजूला पडली. मग शेगडीवर दूध ठेवून ती दार उघडं टाकून निघून गेली. मग मी. लहानपणी जिने माझ्या वेण्या घातल्या ती मला म्हणाली, "या बाई स्वभावाने बऱ्या दिसतात." मी हसले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. शेवटी पाळी भाऊजींची आली. एका दुपारी तिने त्यांना पाहून किंकाळी फोडली. घरात परका पुरुष शिरलाय म्हणून शेजारी धावून आले. भाऊजी पुढे झाले. तिच्यासमोर खाली बसले, तिचा हात धरला आणि आपल्या मानेवर नेला. तिची बोटं चाचपडली आणि थांबली. चेहरा निवळला.

"आहे का जागेवर?"

"कुठे जाणार?"

मग रोज तसंच. ती घाबरली की ते मान पुढे करायचे. डोळ्यांना नवरा ओळखू येत नव्हता, बोटांना येत होता. तिच्या सगळ्या जगात भाऊजी तेवढेच उरले होते, त्या इवल्याशा चामखिळीएवढे. हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

पण तिच्या हातांना आणखीही एक गोष्ट आठवत होती. शिवलेल्या कपड्यावर दोऱ्याचं टोक लोंबत असलं की ते कापायचं. त्या दिवशी भाऊजी टेबलावर वाकून खडूने आखत होते. मी भाजी निवडत बसले होते. ताई धागे कापायची छोटी कात्री घेऊन मागून आली आणि म्हणाली, "मास्तर, धागा राहिलाय." भाऊजी ओरडले तेव्हा मी वर पाहिलं. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर रक्ताचे थेंब पडत होते. मी धुतलेला रुमाल घेऊन जखमेवर दाबून धरला. ताई कात्री टाकून भिंतीशी सरकली होती, आणि हा माणूस तिलाच समजावत होता, "काही नाही गं, धागाच होता."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे भाऊजींना मीच घेऊन गेले. चामखीळ अर्धी तुटून काळी पडली होती. बाईंनी भिंगातून नीट पाहिलं. म्हणाल्या, "अशा लोंबत्या चामखिळीत तसं घाबरण्यासारखं काही नसतं. कातडी घासते तिथे, मानेला, काखेत, वयाबरोबर येते. एकाची दुसऱ्याला लागत नाही. त्रास नसेल तर काढायचीही गरज नाही. खूप यायला लागल्या तर मात्र रक्तातली साखर तपासून घ्यायची."

"दोरा बांधून पडते म्हणतात," मी मुद्दामच म्हणाले. भाऊजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"दोरा नाही, ब्लेड नाही, जाळायची औषधंही नाहीत. रक्त थांबत नाही, जखम पिकते. आणि लोंबतं ते सगळं चामखीळच असतं असं नाही. रंग बदलला, भराभर वाढली, उगाच रक्त यायला लागलं, तर आधी दाखवायचं. घरी कापून फेकून दिली तर आम्ही तपासणार काय?"

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "राहू देता येईल का?"

बाईंना वाटलं, ते सुईला भितात. मग मी ताईचं सांगितलं. बाईंनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, "आहे ती अशीच गळून पडायची, नाहीतर पिकायची. आणि समजा राहिली, तरी त्या पुन्हा कात्री घेऊन येतील. मान आहे ही, मास्तर."

"कात्री लपवतो."

"शिंप्याच्या घरात?" मी भडकले. "किती कात्र्या लपवणार? आणि तिच्या हातातली काढून घेतली की ती दिवसभर रडते, ते?"

त्यांनी बराच वेळ हातातली टोपी गोल गोल फिरवली. मग मान वाकडी करून बाईंपुढे धरली, अगदी तशीच, जशी ताईपुढे धरायचे.

बधिर करायची बारीक सुई, चिमुकली कात्री, रक्त थांबवायला गरम टोकाचा एक स्पर्श. चहा निवायलाही याहून वेळ लागतो. तुकडा बाटलीत घालून तपासायला पाठवला. बाई म्हणाल्या, "जखम स्वच्छ आणि कोरडी ठेवा, खपली ओढू नका, टेप तेवढे दिवस खिशात." भाऊजींनी निघताना त्या बाटलीकडे एकदा वळून पाहिलं. रिपोर्ट चांगला आला. मी आनंदाने ओरडलेच. ते "बरं झालं" म्हणाले आणि मशीनवर जाऊन बसले.

पट्टी निघाली. कातडी लख्ख, गुळगुळीत. ताई घाबरली, तशी त्यांनी मान पुढे केली. तिची बोटं वर गेली, खाली आली, दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा परत आली. मग तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"तुम्ही नव्हे," ती म्हणाली. "भाऊ, आमचे हे येतील आता. तुम्ही जा."

आणि ते गेले. स्वतःच्या घरातून उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. मग हे रोजचंच झालं. तिला घास मी भरवायचा, केस मी विंचरायचे, आणि ते दारातून बघायचे. मी चिडून म्हणायचे, "आत या ना, घर तुमचं आहे." ते म्हणायचे, "घाबरते ती."

एका सकाळी मी गेले तर ते मशीन सोडून हाताने काहीतरी शिवत होते. शर्टाच्या कॉलरच्या काठावर, उजव्या बाजूला, त्याच जागी, मऊ कापडाचा पीळ देऊन केलेला एक बारीक दाणा होता. देठावर लोंबणारा. दुसऱ्या शर्टालाही तसाच दाणा लावून तो शेजारी ठेवला होता.

शर्ट घालून ते ताईसमोर बसले. तिचा हात धरून मानेशी नेला. बोटं चाचपडली आणि थांबली. भाऊजींचे ओठ हलत होते, उत्तर आधीच तयार होतं.

ताईने तो दाणा बोटांत धरून फिरवला. मग कॉलर उलटी केली आणि आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आयुष्यभर हजारो कॉलरींवरून फिरवला तसा.

"गाठ दिसत नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. "हे तर आमच्या ह्यांचं काम आहे! तुम्हाला कुठे भेटले ते?"

भाऊजींची नजर दुकानाकडे वळली.

"दुकानात."

"बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"जेवायचं विसरतात कामात," ताई म्हणाली. तिने त्यांची कॉलर सरळ केली, हाताने नीट बसवली. "त्यांना सांगा, मी वाट बघतेय."

"सांगतो," भाऊजी म्हणाले, आणि तिने कॉलर सोडेपर्यंत मान तशीच वाकवून बसून राहिले.