बॉक्सरच्या मांडीवरची गाठ

आमचा बॉक्सर जातीचा कुत्रा, नावही बॉक्सरच, बदली होऊन गेलेल्या एका साहेबांनी जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये सोडला होता. चपटं नाक, लोंबते गाल, आणि झोपला की बाबांपेक्षा मोठं घोरणं. कारखान्याच्या बसमधून बाबा उतरले की तो अख्खं अंग वळवून नाचायचा. आम्हा मुलांना कधी जवळ न घेणारे बाबा त्याचं थोबाड दोन्ही हातांत धरून गप्पा मारायचे. मला याचा रागही यायचा आणि हसूही.

तो सात वर्षांचा असताना त्याच्या मागच्या मांडीवर चण्याएवढी गाठ आली. मी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. ऐकतील ते बाबा कसले!

"सानगडीच्या कुत्र्याले कधी डाक्टर लागला काय? गोचीड चावली असन."

सानगडी आमचं गाव. तिथल्या गावठी कुत्र्याला काहीही सुजलं की हळद-चुन्याचा लेप लावायचा, हा घरचा रिवाज, आणि ते कुत्रं चौदा वर्षं जगलं होतं. झालं, बाबा रोज संध्याकाळी लेप चोळू लागले. आठवड्याभरात गाठ खरंच बसली.

"पायलं का, कशी उतरून राहिली!" बाबा मला म्हणाले. त्यांची ऐट बघवत नव्हती. पण महिन्याभरात गाठ परत फुगली. पुन्हा लेप, पुन्हा थोडी कमी. असं करता करता ती लिंबाएवढी झाली, तेव्हा मी भांडून दोघांनाही भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. गाठीत सुई टोचून त्यांनी नमुना काढला, तपासला आणि कॅन्सर असल्याचं सांगितलं.

"काका, ही गाठ आपोआपच कमी-जास्त होते. तुमच्या लेपानं ती बसली नव्हती. उलट चोळल्यानं चिडते."

बाबा म्हणाले, "पण आमच्या गावच्या कुत्र्याले तं कधी..."

"गावठीला होतच नाही असं नाही. पण बॉक्सरला या कातडीच्या गाठी फार होतात. रॉटवायलरसारख्या थोराड कुत्र्यांना हाडाचा कॅन्सर जास्त, गोल्डन रिट्रीव्हरला आणखी वेगळा. जात शुद्ध ठेवायची म्हणून नात्यातल्या नात्यात जोड्या लावतात, मग रूपाबरोबर दुखणंही पिढीजात होतं. बॉक्सरची गाठ दिसली की वाट पाहायची नसते."

बाबा आपल्या हाताकडे पाहत राहिले. परतताना मला म्हणाले, "मीच चोळत होतो ना बाई. मले मालूम नोतं." मी भांडणाची सगळी तयारी करून आले होते, पण त्या दिवशी मला बाबांची फार दया आली.

ऑपरेशन झालं. गाठ आजूबाजूच्या बऱ्याच कातडीसकट काढावी लागली, आणि बॉक्सर थोडा लंगडत घरी आला. ती परत येऊ शकते, दर आठवड्याला अंग चाचपत जा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तेव्हापासून दर रविवारी चहा झाला की बाबा पडवीत बसायचे आणि कानापासून शेपटीपर्यंत बोटं फिरवायचे. काखेत, जबड्याखाली, बोटांच्या बेचक्यांत. दुसऱ्या वर्षी जबड्याखाली एक दाणा त्यांनीच शोधला, अन् दुसऱ्या दिवशी रजा टाकून दवाखाना गाठला. तो मात्र वेळेवर काढता आला. आई चिडवायची, "माह्यी नाडी कधी पायली नाही तुमी!" बॉक्सर मात्र डोळे मिटून पडून राहायचा. त्याच्या लेखी ते लाडच होते.

त्यानं अकरा वर्षं ओलांडली. बॉक्सरला हे वय पुष्कळ. खाणं सुटलं, पाय थकले, आणि एका सकाळी पडवीतच झोपेत गेला. मागच्या आंब्याखाली खड्डा तयार होता. बाबा म्हणाले, "थांबा जरा."

ते खाली बसले आणि रविवारसारखीच कानापासून सुरुवात केली. काख, जबडा, मांडीवरचा जुना वण, शेपटी. आम्ही सगळे उभे होतो. मग आईकडे पाहून ते म्हणाले, "एकबी गाठ नाही," आणि आमच्यासमोर पहिल्यांदाच रडले.