शिव्या ऐकून जेवणारी कमलताई

शिवी कानावर पडली की कमलताईला भूक लागायची. सेलूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही दोघी शेजारी बसायचो. ट्रंककॉल लागायला उशीर झाला की माणसं आमच्यावर तोंड सोडायची. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण काहींना कुठे फोन लावायचाच नसे. नाव सांगायचं नाही, नंबर मागायचा नाही, घाणेरडं बोलायचं आणि फोन ठेवायचा.

"झालं का बोलून? का आजून हाय काही?" कमलताई शांतपणे विचारायची. पलीकडचा गडबडायचा. मग ती डबा उघडायची. "सुमन, ये गं. ठेचा लय फक्कड झालाय."

माझ्या घशाखाली घास उतरत नसे. तसला एक आवाज मला आठवडाभर पुरायचा. भाजी चिरताना, पोरींच्या वेण्या घालताना तो कानात बोलत राहायचा. आणि हिला म्हणे पडल्या पडल्या झोप लागते! माझ्या पोटात जळायचं. एकदा तरी हिचे डोळे भरावेत म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत बसायची.

विद्यापीठाच्या नावाचा वाद पेटला होता, तेव्हाची गोष्ट. एका दुपारी कुणीतरी तिचं नाव घेऊन तिच्या जातीवरून बोललं. कमलताईने काही विचारलं नाही. डबाही उघडला नाही. ड्युटी संपल्यावर मी तिला घरापर्यंत सोडायला गेले.

तिचा नवरा जिनिंगमधून नुकताच आला होता; केसांत अजून कापूस होता. ती उंबऱ्यातच बसली आणि ऐकलेला शब्द न् शब्द तिने त्याला सांगितला. सांगता सांगता हुंदके देऊन रडायला लागली. तो तिच्याजवळ सरकून बसला. "सांग, समदं सांग. मी ऐकायलोय." बऱ्याच वेळाने तिनेच त्या माणसाच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल केली आणि दोघं हसली.

"रोज असंच?" मी विचारलं.

"रोज. हितं ओकून टाकते, मग झोपते," डोळे पुसत ती म्हणाली.

तिला रडताना बघायची माझी इच्छा पुरी झाली होती. हेवा मात्र दुपटीने वाढला. तोवर मी तिच्या निबर कातडीवर जळत होते. आता तिच्या उंबऱ्यावर जळू लागले.

त्या संध्याकाळी मीही घरी तोंड उघडून पाहिलं. "एकजण फोनवर रोज घाण बोलतो."

नवऱ्याने पेपरातून मान वर केली. "तुलाच का बोलतो?"

मी भाकरी थापायला उठले.

पुढे कमलताईची पूर्णेला बदली झाली. निघताना तिने माझा हात धरला. "मनात ठिवू नको सुमन. घरी सांगत जा."

मी हो म्हणाले. नवरा तिला न्यायला आला होता. रस्ता ओलांडेपर्यंत ती त्याला काहीतरी सांगतच होती, आणि तो मान तिच्याकडे झुकवून ऐकत होता. बोर्डावर कुणीतरी कॉल मागत होतं. मी खिडकीतून त्या दोघांकडे बघत उभी राहिले.