चाकांवरचा जादा रंग

गाडीची चाकं रंगवायची कल्पना माझी होती आणि त्यातला घोळही माझाच. हे आधीच कबूल करते, कारण आई आजही पाहुण्यांसमोर माझ्याकडून ते कबूल करून घेते.

आमची गाडी जुनी, पण इंजिन ठणठणीत. या गाडीवर आई एकसष्टाव्या वर्षी चालवायला शिकली. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मी बदली होऊन नाशिकला निघालेली, आणि वर्तकनगरातून बाबांना दर दोन दिवसांनी रिक्षात चढवून व्यायामासाठी न्यायचं म्हणजे दोघांचेही हाल. एक दिवस आई म्हणाली, "मी शिकते." बाबा हसले. ते हसले नसते तर कदाचित ती शिकलीही नसती.

शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिने. कधी कुणाचं लग्न, कधी बाबांचं दुखणं, असं करत चाचणी पुढे पुढे गेली आणि शेवटी तारीख मिळाली ती सोमवारची. मंगळवारी मुदत संपणार होती. "सोमवारी झालं तर झालं," आई म्हणाली, "नाहीतर पुन्हा पहिल्यापासून हे सगळं मी करणार नाही." आई असं बोलली की ते फिरत नाही.

आणि मला नेमकं त्याच आठवड्यात उत्साहाचं भरतं आलं. आई चाचणीला जाणार, ती असल्या डागाळलेल्या चाकांवर? छे! मी गाडी बिल्डिंगखाली ठोकळ्यांवर चढवली, टायर उतरवून घेतले आणि चारही चाकं टेम्पोत टाकून आंबिवलीला गेले. तिथे एका काकांचा पावडर कोटिंगचा गाळा आहे, त्यांच्याच वडिलोपार्जित जमिनीवर. रंगाची कोरडी पूड चाकावर फवारायची आणि मग ते भट्टीत भाजायचं, की रंग दगडासारखा घट्ट बसतो. ती भट्टी बघूनच मला नाचावंसं वाटत होतं.

"ताई, मधल्या भोकाला आन् नटच्या जागेला टेप लावतो," काका म्हणाले. "तिथं रंग नको."

"नको नको! एक जागा सोडू नका. आतून-बाहेरून सगळीकडे मारा. आणि दोन थर."

"बघ हां, ताई."

"बघितलं."

आमच्या घरचं वळणच तसं. दिवाळीच्या रंगकामात खिडक्यांच्या कड्याही रंगतात आणि मग त्या संक्रांतीपर्यंत उघडत नाहीत. कोरी राहिलेली जागा म्हणजे कामचुकारपणा, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. काकांनी मान हलवली आणि ते कामाला लागले.

शनिवारी टायर पुन्हा चढवून घेऊन चाकं परत आली. पांढरीशुभ्र! मी त्यांचे चाळीस तरी फोटो काढले असतील. रविवारी सकाळी पहिलं चाक उचलून लावायला गेले, तर ते बसेचना. गाडीच्या ज्या गोल उंचवट्यावर चाकाचं मधलं भोक बसतं, तो हब. त्या हबवर चाक अर्ध्यातच अडकलं. मी एक लाथ मारली. मग दुसरी मारली. मग काकांना फोन केला.

"मी बोललेलो ना, ताई," काका शांतपणे म्हणाले. "तूच बोललीस एक जागा सोडू नको. आता जादा रंग काढ. पण हलक्या हातानं."

हलका हात मला देवाने दिलेलाच नाही. नट आवळले की चाक झक मारत आत जाईल, असं ठरवून मी पाना उचलला.

"हात काढ," मागून आवाज आला.

गाऊनवर ओढणी टाकून आई खाली आली होती. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ती सत्तावीस वर्षं तपासणीच्या खात्यात होती. पार्ट बसतो की नाही हे बघण्यातच तिचं आयुष्य गेलेलं. तिने भोकाच्या आतून बोट फिरवलं.

"किती थर?"

"दोन."

"नटच्या जोरावर ओढून बसवशील. मग मधला रंग दबला की नट ढिले. रस्त्यात चाक पुढे जाईल आणि मी मागे राहीन. वर जा, कुंकू आण. आणि खोबरेल."

"आत्ता पूजा?"

"आण म्हटलं ना!"

तिने कुंकू तेलात कालवलं, हब पुसून त्याच्या कडेला बोटाने पातळ लावलं, चाक टेकवलं, जरासं फिरवलं आणि काढलं. पांढऱ्या रंगावर तीन ठिकाणी लाल खुणा उमटल्या होत्या! "लाल दिसतंय तिथे घासतंय," आई म्हणाली. "तेवढंच काढायचं. कंपनीत आम्ही निळा रंग लावायचो." मी सत्तावीस वर्षं या बाईचा डबा बघितला होता, काम आज पहिल्यांदा बघत होते.

"ड्रिल लावू का? पाच मिनिटांत होईल."

"हो, आणि पाच मिनिटांत भोक मोठं होईल. रंग परत लावता येतो, धातू नाही."

मग लाटण्याला पॉलिश पेपर गुंडाळून आम्ही बसलो. घासायचं, पुसायचं, कुंकू लावायचं, बघायचं. चाकाची मागची सपाट बाजूही घासून कोरी केली. नटच्या सोळाही जागांना रंग काढायचं औषध लावलं, आणि रंग फुगून सुरकुतला की आइस्क्रीमच्या काडीने खरवडून खालचा धातू उघडा केला. दुपारी जेवणसुद्धा तिथेच झालं. पहिलं चाक बसलं तेव्हा 'टक्' असा बारीक आवाज आला आणि मी एवढ्या जोरात ओरडले की चार गॅलऱ्यांत माणसं आली. "बसलं का?" बाबांनी वरून विचारलं. "बसलं!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो. चौथं बसलं तेव्हा पाच वाजले होते. नट समोरासमोरचे, आलटून पालटून, तिनेच आवळले.

सोमवारी आईने आठाचा आकडा काढला, चढावर गाडी थांबवून जराही मागे न घसरता उचलली. "झालं, काकू," चाचणी घेणारे साहेब म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी तिथेच रडायला लागले. आईने मात्र डिकीतून पाना काढला, चाकांची एक फेरी मारून सोळाही नट तपासले आणि मगच घरी निघाली.

मी तिच्या शेजारी बसले होते. बिल्डिंगच्या फाटकाशी आलो तर बाबा काठी टेकून उभे. इस्त्रीचा शर्ट, काखेत व्यायामाची फाइल. जिने ते एकटेच उतरून आले होते. आईने गाडी अगदी त्यांच्याजवळ नेऊन थांबवली आणि माझ्याकडे वळली.

"तू मागे बस," ती म्हणाली.