नकाराचे पेढे

नकार मिळाला म्हणून पेढे वाटणारं माणूस उभ्या मुंबईत एकच असेल, आणि ते नेमकं आमच्या काळाचौकीच्या चाळीत येऊन धडकलं. माझी ताई पन्नाशीची. जन्मापासून हातपाय तिचं ऐकत नाहीत आणि तोंडातून शब्द फुटत नाही. अशी माणसं ‘हो’ आणि ‘नाही’ कसं सांगतात, यावर या बाईंचं संशोधन. संमतीच्या कागदावर मी झोकात सही ठोकली, तर म्हणाल्या, “ही तुमची झाली. आता त्यांची घेते.” आणि ताईसमोर कॅमेरा धरून थांबल्या. थांबणं हाच बाईंचा खरा धंदा. प्रश्न विचारायचा, ओठांतल्या ओठांत आकडे मोजायचे आणि मधे दुसऱ्या कुणाला तोंड घालू द्यायचं नाही. तिसऱ्या बुधवारी ताईनं कॅमेऱ्याकडे बघून चक्क मान फिरवली. विरारहून धडपडत आलेल्या बाईंनी कॅमेरा पिशवीत टाकला, खाली जाऊन पेढे आणले आणि अख्ख्या मजल्यावर वाटले. शेजारच्या काकूंना वाटलं, या वयात माझं लग्न ठरलं.

दर दिवाळीला मी ताईच्या गाऊनसाठी पिवळं कापड घ्यायचो. तिला पिवळा आवडतो, हे आई सांगून गेली होती. बाईंनी ताईची खुर्ची थेट हिंदमाताच्या कापडदुकानात घुसवली आणि एका हातात पिवळं, दुसऱ्या हातात वांगी कापड धरून उभ्या राहिल्या. दुकानदार वैतागला, “मॅडम, लवकर बोला ना, गिऱ्हाईक खोळंबलंय.” बाई शांतपणे म्हणाल्या, “त्या बोलतायत. तुम्ही थांबा.” ताईची नजर वांगी रंगावरून ढळेना. इतकी वर्षं मी तिला हळदीत बुचकळून काढत होतो. तिच्या वतीनं मी आणखी काय काय ठरवून टाकलंय, याची तेव्हापासून मी मनातल्या मनात यादी करू लागलो.

यंदा डॉक्टरांनी मला हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. मला काही झालं तर ताईचं कोण, या काळजीनं झोप उडाली. पनवेलकडे अशा चारपाच जणी मदतनिसांसोबत एका घरात राहतात. माझ्या तपासण्या चालल्या होत्या तेव्हा ताई आठवडाभर तिथं राहून आली होती. ऑपरेशनपुरतं तिथं ठेवायचं आणि मग घरी आणायचं, माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही, असं मी ठरवून टाकलं. बाईंनी एवढंच विचारलं, “त्यांना विचारलंत?”

मग दोन फोटो आले. एकात आमची खोली आणि मी, दुसऱ्यात तिथली ओसरी आणि त्या बायका. ताई नुसती एकाच बाजूला बघते असं कुणी म्हणू नये, म्हणून बाईंनी हात बदलून, तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं, “ऑपरेशननंतर कुठं राहायचं?” मी दाराआड छातीवर हात ठेवून त्यांच्याबरोबर आकडे मोजत होतो. तिन्ही दिवस ताईनं ओसरी निवडली. तिसऱ्या दिवशी तर माझा फोटो जवळ नेला, तेव्हा मानच फिरवली.

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. बाई माझ्याकडे बघेनात. कॅमेऱ्याची पिशवी उगाच उघडझाक करत पुटपुटल्या, “आज पेढे राहू देत.”

मी चपला घातल्या, खाली जाऊन पावशेर पेढे आणले. पहिला बाईंच्या हातावर ठेवला. दुसऱ्याचा कण ताईच्या ओठांपाशी धरला आणि थांबलो. बऱ्याच वेळानं माझ्याकडे बघत तिनं तोंड उघडलं.