तांब्यावरचा डाग

अमरावतीच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला होते, तेव्हा आमच्या सरांनी बॅटरी लावून पाणी फोडून दाखवलं होतं. नळीत जमलेल्या हायड्रोजनला काडी लावली की 'फट्' व्हायचं आणि आम्ही चार मुली दचकायचो. सर म्हणाले, "उद्या ही बॅटरी लागणार नाही. धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असेल, बाकीचं काम ऊन करेल." साठ सालानंतरची गोष्ट ही. त्या 'उद्या'नं मला झपाटलं.

सरांनी सांगितलं तसा तांब्याचा पत्रा तापवून मी त्यावर लालसर थर आणला. मिठाच्या पाण्यात बुडवून तो उन्हात ठेवला की वीज मोजणाऱ्या गॅल्व्हानोमीटरची सुई हलायची. हायड्रोजन निघण्याइतका जोर त्यात नव्हता, पण सुई हलत होती! दिवाळीच्या सुटीत तो पत्रा आणि सरांच्या हातापाया पडून मागितलेलं ते सुईचं यंत्र घेऊन मी अकोल्याला, जठारपेठेतल्या घरी आले. कारण घरी माझं लग्न ठरत होतं आणि मला एम.एस्सी. करायचं होतं. वडील भिक्षुकी करत. दुपारच्या मोटारीनं ते मुलाच्या गावी होकार द्यायला निघणार होते. "जेवण होईपर्यंत दाखव काय ते," एवढं त्यांनी कबूल केलं होतं.

सकाळी अंघोळ करून येते तर पत्रा ताम्हण-पळीच्या शेजारी लखलखत पालथा. आईनं चिंच लावून घासला होता! काळवंडलेलं तांबं घरात दिसलं तर तिला आपलीच अब्रू गेल्यासारखं वाटे.

"काय केलंस हे! तो डागच तर पाहिजे होता मले!" मी रडायलाच लागले.

"काहून? काय होते त्या डागानं?"

"उन्हातून वीज येते."

"आन वीज आली त?"

"त बाबा जाणार नाहीत कदाचित."

आईनं अर्धाकच्चा भात उतरवला आणि स्टोव्हला पंप मारू लागली. "पाड मंग डाग."

अर्धा तास पत्रा तापवला. निवू द्यायचा तोही सावकाश, तरच वरचा काळा पापुद्रा सुटून खालचा लाल थर दिसतो. वडिलांनी दोनदा विचारलं, "पान झालं का?" दोन्ही वेळा आई "झालंच" म्हणाली आणि तांदूळ नव्यानं धुवायला बसली. मी अंगणात पत्र्यावर ओणवी होऊन मनातल्या मनात तिच्या नावानं खडे फोडत होते.

शेवटी वडील घड्याळ बघत अंगणात आले. सुई हलली. त्यांनी उन्हाआड हात धरला, ती खाली आली. काढला, वर गेली. असं पाच-सहा वेळा केल्यावर ते तिथंच उकिडवे बसले.

"रोज तांब्यातून अर्घ्य देऊन राहिलो मी याले," ते वर बघत म्हणाले. "त्यानं काही परत दिलेलं आज पाहून राहिलो."

मोटार केव्हाच गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्ड टाकून नकार कळवला.

पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट मी वडिलांच्या मोठेपणाची म्हणून सांगत आले. आमच्याकडे भाताला इतका वेळ कधीच लागत नसे, हे आई गेल्यावर ध्यानात आलं. तिनं जन्मात एकदाच नवऱ्याचं पान उशिरा मांडलं, आणि तेव्हा मी तिच्यावर चिडलेली होते.