माऊस माझ्या हातात होता

देवबागला ज्याचं घर आहे त्याला विचारा, रेती घरात कुठून येते? कोणी आणत नाही. सकाळी झाडून काढा, दुपारी परत पायाला लागते. शाळेतल्या किश्श्यांचं तसंच आहे. तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली मी, किस्से गोळा करायला कधी गेले नाही. पण आम्ही दोन निवृत्त शिक्षिका एखाद्या लग्नात शेजारी बसलो की पंगती उठतात, आमचं संपत नाही.

त्यातले कॉम्प्युटरचे किस्से मी सगळ्यात जास्त सांगते. लोक पोट धरून हसतात. शेवटचा मात्र मी दरवेळी गिळून टाकते. आज सांगून टाकते एकदाचा.

*

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. देवबागच्या वाटेवर, खाडीच्या अंगाला आमची चौथीपर्यंतची शाळा. हेडगुरुजी आणि मी, असे दोनच शिक्षक. शाळेला कॉम्प्युटर आला, तर शाळा समितीचे अध्यक्ष आबा म्हणाले, "गाऱ्हाणा घातल्याशिवाय बटान दाबूचा नाय."

आमच्याकडे होडी पाण्यात लोटायची असो की लग्नाची बोलणी करायची असोत, आधी देवाला गाऱ्हाणं. नारळ ठेवला. आबांनी हात जोडले, "बा देवा म्हाराजा, ह्या मशिनाक खाऱ्या वाऱ्याची, लाईटीची, पोरांच्या बोटांची बाधा होव नये रे म्हाराजा!" सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी कॉम्प्युटर बंद करायला घेतला. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, तो मुलांना कळावा म्हणून मी मराठीत मोठ्याने सांगितला, "तुम्हाला नक्की बंद करायचं आहे का?"

अख्खा वर्ग हात जोडून उभा राहिला. "व्हय म्हाराजा!"

मी तिथे होते तोवर तो कॉम्प्युटर कधी गाऱ्हाण्याशिवाय बंद झाला नाही.

*

मग इंटरनेट आलं. लहान मुलांसाठी एक वेबसाईट होती, चित्रं, अक्षरं, शब्द, सगळं मराठीत. प्रत्येक मुलाच्या नावाचं खातं, बरोबर उत्तराला चांदणी, आणि सगळे धडे पुरे झाले की सर्टिफिकेट.

पण इंटरनेट यायचं ते टेलिफोनच्या वायरीतून, आणि वाडीत चालू फोन तेवढा शाळेचा. मुंबईचे चाकरमानी आपल्या आईला निरोप द्यायला त्याच नंबरवर फोन लावायचे. चित्र वरून खाली हळूहळू उतरायचं. हत्तीचं डोकं आलं, सोंड आली, पोट आलं, की हेडगुरुजी ऑफिसातून फोन उचलून ओरडायचे, "बाई, तोडा! मुंबईहून फोन येणार आहे!"

हत्ती तसाच लटकत राहायचा. पोरंही समजूतदार. एकदा पहिलीतला एक जण घरी जाता जाता दारातून मागे फिरला आणि अगदी काळजीने म्हणाला, "बाई, हत्तीक पाय उद्या येतले मां?"

*

दुसरीत दर्शना म्हणून मुलगी होती. बोलण्यात पटाईत, गाणी तोंडपाठ, एकदा ऐकलेलं पुन्हा सांगायची तर शब्द इकडचा तिकडे नाही. पण अक्षरं काही डोक्यात राहत नव्हती. तिची आई शालन मासे विकायची, मालवणात आणि बाजाराच्या दिवशी कट्टा गावाला. शालन स्वतः शाळेची पायरी चढलेली नव्हती. पोरीचं नाव घालायला आली तेव्हाच तिने मला सांगितलं होतं, "बाई, माका तेका डाक्टर करूचा नाय. एस्टीची पाटी वाचूक इली तरी पुरे. जल्मभर लोकांका इचारतंय, गाडी खंय जाता? लोका फिदीफिदी हसतत."

एवढंच मागणं होतं तिचं माझ्याकडे.

वेबसाईटवर एकदा धडा लागला, 'माशाच्या चित्रावर क्लिक करा.' चार चित्रं होती आणि त्यात एक नारिंगी रंगाचा, पापण्या असलेला मासा. वर्गात कोणी त्याला मासा म्हणायला तयार होईना. दर्शना पुढे आली, डोळे बारीक करून बघितलं आणि निकाल दिला, "ह्यो बांगडो नाय, तारली नाय. असलो मासो आमच्या दर्यात गावणाच नाय."

वाट बघून बघून कॉम्प्युटर बोलला, "पुन्हा प्रयत्न करा."

दर्शना म्हणाली, "तूच कर."

हा किस्सा मी पुष्कळदा सांगितलाय. त्या दिवशीही माऊस तिच्या हातात नव्हता, हे मात्र सांगत नाही. मी नियमच केला होता, ज्याला वाचता येतं त्याचा नंबर आधी. अडखळणाऱ्याला बसवलं की तास संपतो आणि धडा तिथेच राहतो. दर्शना रोज विचारायची, "बाई, माझो नंबर कदी?" आणि मी रोज म्हणायची, "उद्या." ज्याला येत नव्हतं त्याच्यासाठीच ते यंत्र आलं होतं, हे मला तेव्हा कळू नये?

*

वर्ष संपत आलं आणि वरून पत्र आलं. सगळ्या मुलांचे सगळे धडे पुरे झालेले दिसले पाहिजेत. वाचता येणाऱ्यांचे झाले होते. नऊ जणांचे उघडलेसुद्धा नव्हते. हेडगुरुजी कपाळाला हात लावून बसले. मी म्हटलं, "मी बघते."

रविवारी मालवणच्या एका सायबर कॅफेत जाऊन बसले. एकेकाच्या नावाने शिरायचं आणि धडे सोडवायचे. उगाच संशय नको म्हणून मधूनमधून मुद्दाम चुका करायची. एकाच्या नावावर तर इतक्या चुका केल्या की कॅफेचा मालक मागून वाकून म्हणाला, "बाई, दुसरीचो अभ्यास जड जाता काय?"

शेवटचं खातं दर्शनाचं. तिच्यासाठी मी एकही चूक केली नाही. का, कोण जाणे. जीव होता माझा तिच्यावर. शेवटच्या उत्तराला पडद्यावर चांदण्या पडल्या आणि कॉम्प्युटर गोड आवाजात म्हणाला, "शाब्बास, दर्शना!"

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

*

सर्टिफिकेटं वाटली. दर्शनाच्या सर्टिफिकेटवर छापलं होतं, 'वाचन : उत्तम.' आबांनी तिच्या हातात दिलं, टाळ्या झाल्या. ती कागद छातीशी धरून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझो नंबर लागलो? कदी?"

"लागला ना," मी म्हटलं.

शालनने ते प्लॅस्टिकमध्ये घालून देवाच्या फोटोशेजारी लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. मी तिच्या घरावरून जायचं सोडलं, लांबच्या वाटेने शाळेत जायची.

*

आता शेवटचा.

दर्शना तिसरीत गेली होती. कट्ट्याच्या बाजाराचा दिवस, शाळेला सुट्टी. शालन बांगडे भरलेली टोपली घेऊन मालवणच्या स्टँडवर आली, सोबत दर्शना. त्या दिवशी शालनने कोणाला विचारलं नाही. पोरीला पुढे केलं, "वाच गो, कट्ट्याची खंयची?"

दर्शनाने एका गाडीकडे बोट दाखवलं. गर्दी मरणाची. कंडक्टर तिकीट फाडत मागे पोचेपर्यंत चौके गाव मागे पडलं होतं आणि गाडी कट्ट्याचा रस्ता सोडून धामापूरकडे वळली होती. गाडी कुडाळची होती. मायलेकींना टोपलीसकट तिथेच उतरवलं. परतीची गाडी मिळून कट्ट्याला पोचल्या तेव्हा बाजार उठला होता आणि बांगडे मऊ पडले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शालन शाळेत आली, दर्शनाचा हात धरून. मला वाटलं, आता ही मला जाब विचारणार. विचारायलाच हवा होता.

ती म्हणाली, "बाई, एस्टीवाल्यांनी चुकीची पाटी लावल्यानी. माझ्या चेडवान बरोबर वाचल्यान, तेचा सर्टिफिकेट आसा. तुमी माका डेपोच्या सायबाक एक अर्ज लिवन देवा."

दर्शना माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. मला माहीत होतं. तोंडाने सांगायची हिंमत मला झाली नाही. मी कागद ओढला आणि लिहिलं, 'गाडीची पाटी बरोबर होती. मुलीला वाचता येत नाही. तिचे धडे मी सोडवले. चूक पूर्णपणे माझी आहे.' खाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.

शालनने कागद घेतला आणि पोरीच्या हातात दिला. "वाच गो, बाईंनी काय लिवलानी ता."

दर्शनाने कागद नीट दोन्ही हातांत धरला. एकेका ओळीवरून बोट फिरवत, कुठेही न अडखळता, खणखणीत आवाजात तिने वाचलं, "एस्टीवाल्यांनी चुकीची पाटी लावल्यानी. दर्शनान बरोबर वाचल्यान. तेचा सर्टिफिकेट आसा."

"बघलात?" शालन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिने कागदाची चार पदरी घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. "आत्ताच डेपोत जातंय. सायबाक सांगतंय, मोठ्यान वाच, सगळ्यांका आयकाक जाव दी."