रुद्रभूमीवरचे पक्षी

सहल म्हटली की मी आधी वही काढते. घरातले यावरून माझी भरपूर थट्टा करतात, पण ऐनवेळी टोपी आणि डोकेदुखीची गोळी माझ्याच पिशवीत सापडते. गेल्या फेब्रुवारीत शाळेतल्या दोन मैत्रिणी उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघून आल्या आणि आठवडाभर दुसरं काही बोलेनात. करमाळ्याच्या बाजूला पाणपक्ष्यांचं संवर्धन केंद्र झालंय, बोटीतून अगदी जवळ नेतात, वगैरे. मला हेवा वाटला, लपवत नाही. मी वही काढली आणि आण्णांना विचारलं, येणार का?

आण्णा म्हणजे माझे वडील. एसटीतून निवृत्त झालेले, सोलापुरात माझ्याकडेच राहतात. त्यांचं गाव उजनीच्याच धरणात गेलं तेव्हा ते नववीत होते. त्यानंतर त्या पाण्याकडे ते एकदाही फिरकले नव्हते, म्हणून मी नकार गृहीत धरला होता. ते म्हणाले, "बोट कुठनं कुठवर जाते, तेवढं विचार."

मी केंद्रावर फोन लावला. बोट चालवणाऱ्यानेच उचलला. त्याचा पहिला प्रश्न, "गाव कंचं तुमचं?" मी आण्णांच्या बुडालेल्या गावाचं नाव सांगितलं.

"मग तुमी पाव्हणं न्हाय की. तुमच्याच गावात येताय."

मी हसले. तो हसला नाही. तो बोटीचा रस्ता सांगायला लागला आणि मी सवयीने लिहून घेत गेले. चिंचेपासून आत शिरायचं. चावडी डाव्या हाताला, तिथं बदकं असतात. मग मठ. मठाच्या दारात पाणकावळे पंख वाळवत बसतात. पुढं गल्ली अरुंद आहे, इंजिन बंद करून वल्ह्यानं जायचं.

"पाण्यात गल्ली कुठली?" मी विचारलं.

"वर न्हाय हो, खाली. दोनी अंगाला भिंती हायत, पंखा अडकतो."

"चिंच तरी दिसते का?"

"चिंच कुटली आता. पण आमी तितनंच वळतो."

सकाळचे अकरा वाजले होते, गॅसवर वरणाचा कुकर होता, आणि माझ्या अंगावर काटा आला. रोहित कुठं असतात, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"ते सगळे रुद्रभूमीवर. तितं उंचवटा हाय, पाणी गुडघ्याएवढं. शेकड्यानं हुबे असत्यात. लई येळ आवाज न्हाय कुणाचा."

आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत. बसलेल्या स्थितीत पुरतात, आणि ती जागा म्हणजे रुद्रभूमी. आण्णांची आई तिथं आहे हे मला ठाऊक होतं. पण पक्षी बघायच्या यादीत ती येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आण्णांनी वहीतून फाडलेला कागद वाचला आणि पेन मागितलं. चिंचेच्या आधी त्यांनी एक ओढा घातला, मठाशेजारी आड काढला. मग विचारलं, "चावडीवर आता कोण असतं म्हणाला?"

"बदकं."

"किती जण?"

ते मी विचारलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. पुढचे दोन दिवस तो कागद घेऊन ते गॅलरीत येरझाऱ्या घालत होते, मध्येच डावीकडे वळत होते, मध्येच थांबून कुणाला तरी वाट देत होते. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडते. "आण्णा, आपण पक्षी बघायला चाललोय की आणखी काही?"

मग त्यांनी सांगितलं. गाव सोडायच्या दिवशी आजोबांनी त्यांना रुद्रभूमीतून आईची मूठभर माती आणायला पाठवलं होतं, नव्या गावठाणात तिच्यावर समाधी बांधायची म्हणून. पाणी घोट्याएवढं चढलं होतं. तळाचं गवत हलत होतं.

"मला वाटलं, अव्वाच बसल्या जागी हलली," आण्णा म्हणाले. आजी अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी, म्हणून आईला ते अव्वा म्हणायचे. "मी माघारी पळालो. वाटेच्या कडेची माती फडक्यात बांधली आणि तीच दिली."

त्या मातीवर आमची समाधी उभी आहे. माझ्या लग्नाची पहिली पत्रिका तिथं ठेवली होती. धाकटे काका रोज सकाळी तिथं बेल वाहतात.

"खरी माती आणतो आणि गुपचूप तिथं मिसळतो," आण्णा म्हणाले. "धाकट्याला कळायचं कारण नाही. गुडघाभरच पाणी आहे म्हणाला ना तो?"

मी स्पीकर लावून पुन्हा फोन केला. वडिलांना रुद्रभूमीवर उतरायचंय, मूठभर माती हवीय, असं सरळ सांगितलं.

"उतरता न्हाय येणार, ताई. पक्षी बुजत्यात, आन गाळात माणूस कमरेपतूर जातो." मग आवाज उतरवून म्हणाला, "आन ती माती आता तितं कुटं ऱ्हायलीय? दरसाल पाणी चढतं, उतरतं, धुऊन नेतं. तुमच्या सोलापूरला हितलंच पाणी जातं की. तुमीच पिताय ती."

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. माहिती द्यावी तसं त्याने सांगितलं होतं.

आण्णा उठून स्वयंपाकघरात गेले. चार दिवसांनी त्या सकाळी नळ आला होता, आणि पहिलं पाणी मी भांडी विसळायला एका पातेल्यात धरून ठेवलं होतं. ते आता निवळलं होतं. आण्णांनी पातेलं अगदी सावकाश कलतं केलं, वरचं पाणी ओतून दिलं. तळाशी करड्या गाळाचा पातळ थर राहिला. त्यांनी तीन बोटं त्यात टेकवली आणि विभूती लावतात तशी कपाळावर आडवी ओढली.

मी दारातच उभी राहिले. आत पाऊल टाकायचा मला धीर होईना. इतकी वर्षं त्यांच्या ताटाशी तांब्या मीच भरून ठेवत होते.

"धाकट्याला फोन लाव," ते म्हणाले. "खरं सांगून टाकतो."

मी काकांचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. स्पीकर तसाच चालू होता. काकांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"बोल दादा," काका म्हणाले. "आत्ताच अव्वाकडं जाऊन आलो."